पिक्सेल २ एक्सएल: महागड्या फोनची स्क्रीन कच्ची का निघाली?

४ ऑक्टोबर २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गूगलने दोन फोन सादर केले, पिक्सेल २ आणि पिक्सेल २ एक्सएल. प्रोसेसर दोघांत तोच स्नॅपड्रॅगन ८३५, कॅमेरा तोच, अँड्रॉइड ओरिओही तेच. फरक होता आकाराचा आणि किमतीचा. अमेरिकेत धाकटा ६४९ डॉलरला आणि थोरला ८४९ला. आपल्याकडे ६४ जीबीचे भाव अनुक्रमे ६१ हजार आणि ७३ हजार रुपये. जादा पैसे मोजणाऱ्याला सहा इंची लांबट स्क्रीन, बारीक कडा आणि २८८० बाय १४४०चं रिझोल्यूशन मिळणार होतं. म्हणजे वरचे पैसे मुख्यतः स्क्रीनचेच होते.

आणि नेमकी तीच स्क्रीन अंगाशी आली. महिना उलटायच्या आत रंग फिके, कडेने पाहिलं की निळसर झाक, अंधारात दाणेदार पोत आणि जेमतेम आठवडाभर वापरलेल्या नगावर बर्न-इन (स्क्रीनवर कायमची उमटलेली जुन्या चित्राची छाया), अशा तक्रारींचा ढीग लागला. धाकट्या पिक्सेल २च्या स्क्रीनबद्दल मात्र असा कुणाचा फारसा आक्षेप नव्हता. धाकट्यात सॅमसंगचं पॅनेल होतं, थोरल्यात एलजी डिस्प्लेचं.

पुरवठादार बदलल्यामुळे स्क्रीनचा दर्जा घसरला, अशी ओरड बाजारात नेहमीच असते. ती पडताळून पाहता येईल अशी उदाहरणं थोडी. एकच वर्ष, एकच ब्रँड, एकच चिप, एकच सॉफ्टवेअर आणि पॅनेल दोन कंपन्यांचे, असा नमुना सहज हाती लागत नाही. म्हणून हे प्रकरण जुनं झालं तरी उकलून बघण्यासारखं आहे. ‘एलजीचा माल खराब’ असा निकाल देऊन त्या वेळी बहुतेक जण मोकळे झाले. माझ्या मते तो निकाल अर्धाच बरोबर आहे, कारण तक्रारींची मुळं एका जागी नव्हती आणि त्यातलं निदान एक तर पॅनेलमध्ये नव्हतंच.

सॅमसंगची वाट सोडायची वेळ का आली

२०१६चे पहिले दोन्ही पिक्सेल एचटीसीने बनवले होते आणि दोन्हींत सॅमसंगचे अ‍ॅमोलेड, म्हणजे ओएलईडी जातीचे, प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देणारे पॅनेल होते. २०१७ला धाकटा फोन एचटीसीकडेच राहिला. थोरला एलजी इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला आणि त्याचं पॅनेल एलजी डिस्प्लेकडून आलं.

त्या काळचा बाजार डोळ्यांपुढे आणला तर हा निर्णय वेडगळ वाटत नाही. फोनसाठी लागणाऱ्या छोट्या ओएलईडी पॅनेलच्या बाजारात सॅमसंग डिस्प्लेचा वाटा ९० टक्क्यांहून जास्त होता. त्यातच ॲपलने आयफोन टेनच्या रूपाने आयफोनमध्ये पहिल्यांदा ओएलईडीकडे मोहरा वळवला आणि ते सगळे पॅनेल सॅमसंगकडूनच घ्यायचे ठरवले. करोडोंच्या संख्येने मागणी नोंदवणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना गूगलसारख्या, तुलनेने किरकोळ संख्येत फोन विकणाऱ्या कंपनीच्या ऑर्डरला काय वजन असणार? शिवाय सॅमसंगचा स्वतःचा गॅलेक्सी हा पिक्सेलचा थेट प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याच्या घरातून, त्याला सवडीने जमेल तेवढाच माल घेऊन फोनचा धंदा उभा करणं कुठल्याही खरेदी विभागाला रुचणार नाही.

दुसरा पुरवठादार तयार करायचा तर तो रेडीमेड मिळत नव्हता. फोनच्या ओएलईडीत लाल, हिरवी आणि निळी सेंद्रिय द्रव्यं निर्वात कक्षात तापवून, अत्यंत पातळ धातूच्या जाळीतून काचेवर (लवचिक पॅनेल असेल तर पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या थरावर) बसवतात. हे काम करणारी सर्वांत नावाजलेली यंत्रं जपानमधल्या नीगाता प्रांतातली कॅनन टोक्की ही कंपनी बनवते. २०१६च्या सुमाराला तिथून वर्षाला दहासुद्धा यंत्रं बाहेर पडत नव्हती आणि त्यातली बरीचशी सॅमसंगने आधीच अडवलेली होती. एलजी डिस्प्लेने कोरियातल्या गुमीमधल्या आपल्या ई५ या नव्या उत्पादन-लाइनवर कोरियातल्याच सुनिक सिस्टिमची यंत्रं बसवली. २०१७ हे त्या लाइनचं व्यावसायिक उत्पादनाचं जवळजवळ पहिलंच वर्ष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोरियन वृत्तपत्रांत बातमी आली, की गूगल एलजी डिस्प्लेच्या ओएलईडीत सुमारे एक लाख कोटी वॉन गुंतवायला तयार आहे. म्हणजे गूगलला केवळ एका हंगामाची सोय बघायची नव्हती, सॅमसंगला पर्याय उभा करायचा होता.

इथे एक गैरसमज जाणकारांनाही नडला. एलजी म्हणजे ओएलईडी टीव्हीची राणी, मग फोनची स्क्रीन त्यांना काय जड? पण टीव्ही आणि फोन यांतला ओएलईडी हे नावापुरतेच भाऊ. एलजीच्या टीव्हीत पांढरा प्रकाश देणारा थर सगळ्या काचेवर सलग चढवतात आणि रंग वरच्या फिल्टरने मिळवतात. बारीक जाळी लागत नाही. खालचे ट्रान्झिस्टरही वेगळ्या जातीचे, ऑक्साइडचे. फोनमध्ये एका इंचात पाचशेच्या वर पिक्सेल, प्रत्येक रंगाचं द्रव्य आपापल्या ठिपक्यावर अचूक पडायला हवं आणि खाली लेझरने भाजून तयार केलेले पॉलिसिलिकॉनचे ट्रान्झिस्टर. टीव्हीतला अनुभव इथे फार थोडा कामाला येतो. फोनच्या ओएलईडीत एलजीचा पूर्वानुभव म्हणजे मुख्यतः २०१३चा वाकडा जी फ्लेक्स. त्याच्याही स्क्रीनवर आधीची प्रतिमा रेंगाळते आणि पोत दाणेदार दिसतो, असं तेव्हाच्या परीक्षणांत आलेलं होतं. २०१७च्या ऑगस्टअखेर बर्लिनमध्ये एलजीने स्वतःचा व्ही३० दाखवला, त्यातही ओएलईडी होता. परीक्षणासाठी आलेल्या त्याच्या सुरुवातीच्या नगांवर काही पत्रकारांनी असमान उजेड आणि पट्टे दिसल्याचं लिहिलं. पिक्सेल २ एक्सएल बाजारात यायच्या आधीच घंटा वाजली होती.

तक्रारींची उकल

पहिली तक्रार रंग फिके असल्याची. हिचा एलजीशी संबंध जवळजवळ शून्य. अँड्रॉइड ओरिओत गूगलने पहिल्यांदाच नीट कलर मॅनेजमेंट (चित्रातले रंग स्क्रीनवर जसेच्या तसे उतरवण्याची सोय) आणलं होतं. त्याआधी बहुतेक अँड्रॉइड फोन वेबवरचे साधे रंग (एसआरजीबी नावाचा मर्यादित रंगपट्टा) ओएलईडीच्या रुंद रंगपट्ट्यावर ताणून दाखवायचे. टोमॅटो टोमॅटोपेक्षा लाल, गवत गवतापेक्षा हिरवं. लोकांच्या डोळ्यांना तेच ‘अ‍ॅमोलेडचे रंग’ म्हणून भावले होते. पिक्सेल २च्या जोडीत गूगलने रंग आहेत तसे दाखवायचं ठरवलं. पॅनेल डीसीआय-पी३ हा अधिक रुंद रंगपट्टा दाखवू शकत असतानाही साध्या चित्राला साधेच रंग. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरच होतं. पण लोकांची सवय एका झटक्यात मोडायची आणि त्याच मुहूर्तावर पुरवठादारही बदलायचा, ही सरळसरळ घोडचूक. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कुठल्या बदलाने काय बिघडलं हे बाहेरच्याला कळत नाही, आणि दोष आपसूक नव्या पुरवठादाराच्या खात्यात जमा होतो. धाकट्या फोनवरही धोरण तेच होतं. पण थोरल्यावर इतर दोषही असल्याने फिकेपणा तिथेच जास्त बोचला.

दुसरी तक्रार निळ्या झाकेची. पांढरं पान उघडायचं, फोन समोर धरायचा आणि हळूच मनगट वळवायचं. समोरून कागदासारखं पांढरं दिसणारं पान थोडा कोन बदलताच निळं पडायचं. टेबलावर ठेवलेला फोन खुर्चीतून पाहिला तरी पुरे. यामागचं भौतिकशास्त्र असं: ओएलईडीचा प्रकाश बाहेर पडण्याआधी दोन परावर्तक थरांमध्ये येरझाऱ्या घालतो. थरांची जाडी समोरून पाहणाऱ्यासाठी जुळवलेली असते. तिरकं पाहिलं की त्या फटीत जुळणारी तरंगलांबी आखूड होते, म्हणजे निळ्याकडे सरकते. त्यातून तिन्ही रंगांचा उजेड कोनानुसार सारखाच घटला तर डोळ्याला फारसं जाणवत नाही. एखादा रंग इतरांपेक्षा लवकर घटला की पांढऱ्याला रंग चढतो. ही खोड सगळ्याच ओएलईडीत असते, सॅमसंगच्याही. प्रश्न किती कोनावर आणि किती, एवढाच. अनेक वर्षांच्या सरावाने सॅमसंगने थरांची जाडी आणि वरचा पोलरायझर (परावर्तन रोखणारा पातळ थर) असा जुळवत आणला होता, की नेहमीच्या वापरात फरक खुपत नसे. एलजीचं ते गणित अजून बसलेलं नव्हतं. गूगलचा खुलासा असा, की तिरक्या कोनातून रंग कुठल्या तरी बाजूला झुकणारच, आणि इतर रंगांपेक्षा निळसर झाक लोकांना बरी वाटते म्हणून रचना तशी निवडली. खुलासा खोटा नव्हता. पण ती निवड गूगलची होती, ७३ हजार मोजलेल्या माणसाची नव्हे. त्याचा मित्र शेजारी बसून त्याच किमतीचा गॅलेक्सी हलवून दाखवत होता.

तिसरी तक्रार दाणेदारपणाची आणि काळ्या फराट्यांची. ही मला सगळ्यांत जास्त पुरवठादाराची वाटते, पण गाजली सगळ्यांत कमी, कारण ती फोटोत नीट पकडता येत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवून, उजेड अगदी खाली आणून राखाडी पान उघडलं की सलग राखाडीऐवजी जुन्या वर्तमानपत्राच्या कागदासारखा खरबरीत पोत दिसायचा. डार्क मोडमधली यादी सरकवली की अक्षरांमागे काळा डाग ओढल्यासारखा दिसायचा. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेलला ठरावीक विद्युतप्रवाह द्यावा लागतो आणि तो देणारे ट्रान्झिस्टर हुबेहूब एकसारखे कधीच नसतात. भरपूर उजेडात तो फरक झाकला जातो. अगदी कमी प्रवाहावर मात्र एक पिक्सेल जरा जास्त पेटतो, शेजारचा कमी. यावर उपाय दोन: ट्रान्झिस्टरचा फरक भरून काढणारं सर्किट आणि कारखान्यात प्रत्येक पॅनेलचा कॅमेऱ्याने फोटो काढून केलेली दुरुस्ती. दोन्ही गोष्टी लाखो पॅनेल काढल्यावर हाताला बसतात. शिवाय नव्या लाइनवर यील्ड (एकूण मालातला निर्दोष मालाचा वाटा) कमी असते. तपासणीची चाळणी बारीक ठेवली तर मालच हाती लागत नाही; म्हणून चाळणी सैल होते आणि एका ग्राहकाला बरा नग मिळतो, दुसऱ्याला वाईट. ‘माझ्या फोनला तर काहीच नाही’ असं शपथेवर सांगणारेही तेव्हा पुष्कळ होते. तेही खरंच बोलत होते.

चौथी तक्रार बर्न-इनची, आणि आग लागली ती हिच्यामुळे. २२ ऑक्टोबरच्या सुमाराला अँड्रॉइड सेंट्रल या संकेतस्थळाच्या परीक्षकाने साधारण आठवडाभर वापरलेल्या फोनचा फोटो टाकला. राखाडी पानावर खाली नेव्हिगेशन पट्टीची (होम, बॅक या बटनांच्या पट्टीची) चौकट स्पष्ट दिसत होती. ओएलईडीचं द्रव्य वापरानुसार झिजतं, निळं सर्वांत आधी. सगळी स्क्रीन सारखी झिजली तर कळतही नाही. पण अनेक ॲपमध्ये खालची पट्टी कायम काळी असायची, म्हणजे तिथले पिक्सेल बंद; वरचे मात्र दिवसभर राबत. काही दिवसांनी ताजी पट्टी आणि वापरलेला वरचा भाग यांतला फरक उमटायला लागला. म्हणजे यात द्रव्याचा टिकाऊपणा जितका जबाबदार, तितकीच सॉफ्टवेअरची मांडणीही. सॅमसंगने ही गोष्ट आधीच ओळखून गॅलेक्सी एस८च्या होम बटनाची जागा हळूच इकडेतिकडे सरकत ठेवली होती. गूगलच्या फोनमध्ये तशी काळजी नव्हती.

गूगलने काय केलं

२६ ऑक्टोबरला, म्हणजे फोटो आल्यापासून आठवड्याच्या आत, गूगलने उत्तर दिलं. स्क्रीनची झीज इतर महागड्या ओएलईडी फोनइतकीच आहे, नेहमीच्या वापरात त्रास होऊ नये, असं म्हणणं. आणि तरीही जगभरातल्या दोन्ही पिक्सेल २ फोनना दोन वर्षांची वॉरंटी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अपडेट आलं. त्यात रंगांचे तीन पर्याय होते आणि त्यातला ‘सॅच्युरेटेड’ म्हणजे लोकांना हवा असलेला भडकपणा. वापर थांबला की नेव्हिगेशनची बटनं मंद व्हायला लागली. कमाल उजेड ५० निट्सनी (निट हे उजेड मोजायचं एकक) उतरवला. गूगलच्या ॲपमधली खालची पट्टी ॲपच्या रंगाशी जुळती, पांढरी करायचं कामही सुरू झालं.

यादी नीट पाहिली तर दिसतं, की चारपैकी दोनच तक्रारींना सॉफ्टवेअरचा इलाज होता: फिके रंग आणि बर्न-इन. निळी झाक आणि दाणेदारपणा पॅनेलच्या हाडात होते. त्यांच्यासाठी अपडेटमध्ये काही नव्हतं आणि असूही शकत नव्हतं. उजेड ५० निट्सनी उतरवणं हा तर मला उघड कबुलीजबाब वाटतो. झीज इतरांइतकीच आहे म्हणायचं आणि झीज कमी व्हावी म्हणून ग्राहकाने पैसे मोजलेला उजेड काढून घ्यायचा, हे एकत्र बसत नाही. वॉरंटीचा निर्णय मात्र चोख होता. लाइन नवी, पॅनेल किती टिकेल याचा खात्रीचा आकडा कुणाकडेच नाही, तेव्हा जोखीम ग्राहकाच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेणं एवढाच प्रामाणिक उपाय उरतो. गंमत म्हणजे त्याच महिन्यात ॲपलने आयफोन टेनच्या मदत-पानावर लिहून ठेवलं, की तिरकं पाहिल्यास रंग किंचित बदलणं आणि दीर्घकाळात बर्न-इन ही ओएलईडीची स्वाभाविक लक्षणं आहेत. सॅमसंगचं उत्तम पॅनेल हाती असूनही ॲपलने आधीच सांगून ठेवलं. गूगलने बोभाटा झाल्यावर सांगितलं. मजकूर जवळपास तोच, परिणाम वेगळा.

आपल्याकडे पिक्सेल २ एक्सएलची विक्री १५ नोव्हेंबरला सुरू झाली, म्हणजे हा सगळा गदारोळ उडून गेल्यावर. त्यामुळे इथल्या ग्राहकाने फोन घेतला तो डोळे उघडे ठेवून, अपडेटसह आणि वाढीव वॉरंटीसह. पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याचा फायदा झाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

एकाच मॉडेलमध्ये दोन पुरवठादार

पिक्सेलच्या बाबतीत निदान फोनच्या नावावरून पॅनेल ओळखता येत होतं. त्याहून अवघड प्रकार म्हणजे एकाच मॉडेलमध्ये दोन कंपन्यांचे पॅनेल. २०१२च्या १५ इंची रेटिना मॅकबुक प्रोमध्ये तसं होतं: काही नगांत एलजीचं, काहींत सॅमसंगचं. एलजीच्या अनेक पॅनेलवर आधीच्या विंडोची सावली काही मिनिटं रेंगाळायची. हा आयपीएस एलसीडी होता, ओएलईडी नव्हे, त्यामुळे ती झीज नव्हती, जाणारी सावली होती. पण दोन लाखांच्या घरातल्या लॅपटॉपवर ती कोण खपवून घेणार? लोक टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन पॅनेलचा क्रमांक शोधायचे आणि ‘एलपी’ने सुरू होणारा निघाला की लॅपटॉप बदलून मागायचे. खोक्यावर पुरवठादाराचं नाव तेव्हा नव्हतं, आजही नसतं.

कधी पुरवठादार तोच राहतो आणि बदल त्याच्या कारखान्यात होतो. २०२२मध्ये कोरियन माध्यमांत बातम्या आल्या, की चीनच्या बीओईने आयफोन १३च्या पॅनेलमध्ये ट्रान्झिस्टरच्या रेषांची रुंदी ॲपलला न विचारता बदलली, हेतू यील्ड वाढवण्याचा. त्यापायी ऑर्डर थांबल्याचंही त्या बातम्यांत होतं. पॅनेल कुणाचं यापेक्षा ते कुठल्या लाइनवर, कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या देखरेखीखाली निघालं, याला जास्त महत्त्व असतं.

पुढच्या वर्षी

२०१८च्या पिक्सेल ३ एक्सएलमध्ये गूगल सॅमसंगच्या पॅनेलकडे परतलं, आणि त्या स्क्रीनची परीक्षणं उत्तम आली. एवढ्यावर थांबलं तर गोष्ट सरळ वाटते. पण त्याच वर्षीच्या धाकट्या पिक्सेल ३मध्ये एलजीचं पॅनेल होतं. बारकाईने मोजमाप करणाऱ्यांनी कमी उजेडात पोत असमान असल्याची नोंद केली. बाकी लोकांना काही वावगं दिसलं नाही. वर्षभरात एलजीची लाइन सुधारली होती आणि महागड्या फोनला आधी सिद्ध झालेलं पॅनेल द्यायचं, हे गूगललाही उमगलं होतं. एलजी डिस्प्लेने पुढे ई६ लाइनवर कॅनन टोक्कीची यंत्रं बसवली आणि यथावकाश ती आयफोनच्या ओएलईडीची सॅमसंगनंतरची मोठी पुरवठादार झाली. एलजी इलेक्ट्रॉनिक्सने मात्र एप्रिल २०२१मध्ये फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आणि पिक्सेल ३ला अमेरिकेत पुन्हा एकच वर्षाची वॉरंटी मिळाली.